कॅमेरा सेकंडहँड चालेल, कार्ड नाही

हा एपिसोड भिवंडीतून, आमच्या घराच्या पोटमाळ्यावरून रेकॉर्ड करतोय. मागे खटखट ऐकू येत असेल तर ती शेजारच्या कारखान्यातल्या मागांची आहे. सॉफ्टवेअरने ती पूर्ण जात नाही, आणि खरं सांगायचं तर ती बंद असली की मलाच झोप येत नाही.

आजचा विषय तुमच्या मेसेजमधून आलाय. लग्नाचं शूटिंग सुरू करायचंय, नवा कॅमेरा घेऊ की सेकंडहँड? हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकेकाला उत्तर देणं सोडलं. मी काही सिनेमॅटोग्राफर नाही. बीटेक करून ऐरोलीत कोड लिहितो. पण माझा धाकटा भाऊ लग्नं शूट करतो, आणि त्याचा पहिला कॅमेरा मी निवडून दिला होता. त्यात एक चूक झाली. आधी ती सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊ मानकोलीच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर होता. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांचे कॅमेरे घेऊन शूटिंगला जायचा. स्वतःचा कॅमेरा नसला की तुम्ही फक्त हात भाड्याने देता, म्हणजे दिवसाचे चार-साडेचार हजार. कॅमेरा स्वतःचा असला की तोच दिवस दहा-बारा हजारांचा होतो. मला बोनस मिळाला होता. म्हटलं, घेऊया सेकंडहँड.

इंजिनीअर माणूस, त्यामुळे एक्सेल शीट बनवली. पंधरा जाहिराती, शटर काउंट, किंमत, वय, सगळ्याला मार्क. पहिला आला २०१८ सालचा एक फुल-फ्रेम मिररलेस. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीची काही चूक नव्हती. शटर काउंट होता फक्त नऊ हजार. मी खूश. विकणाऱ्याने वर दोन कार्डं आणि तीन बॅटऱ्या फुकट दिल्या. मी अजून खूश. बघा, नऊ-दहा हजार वाचले!

शटर काउंटबद्दल आत्ताच सांगतो, नाहीतर राहून जाईल. शटर काउंट म्हणजे किती फोटो काढले त्याचा आकडा. व्हिडिओ चालू असताना शटर उघडंच असतं, त्यामुळे तासभर रेकॉर्डिंग केलं तरी तो आकडा जवळजवळ हलत नाही. म्हणजे लग्नात रोज आठ तास तापलेला कॅमेरासुद्धा शटर काउंटवर नवरदेवासारखा कोरा दिसतो. व्हिडिओसाठी मिररलेस घेताना हा आकडा तुम्हाला काहीही सांगत नाही. माझ्या शीटमध्ये त्याला सगळ्यात जास्त वजन होतं!

तर मे महिना, काल्हेरच्या बाजूचं एक घर, आगरी लग्न, आदल्या रात्रीची हळद. ज्यांनी आगरी हळद पाहिली नाही त्यांच्यासाठी: लग्न दुसऱ्या दिवशी असतं हे खरं, पण गर्दी हळदीला असते. डीजे, एलईडी, रात्री दोनपर्यंत नाच. पण त्याआधी संध्याकाळी घरात शांतपणे एक गोष्ट होते. धवलारीण बसते आणि धवले म्हणते. लग्नाच्या एकेका विधीचं गाणं असतं, आणि ते बहुतेक कुठे लिहिलेलं नसतं, बाईच्या तोंडी असतं. त्या घरात धवले म्हणणारी होती नवरीची सख्खी आजी. भावाने कॅमेरा स्टँडवर लावला, माईक जवळ ठेवला आणि सव्वीस मिनिटं सलग घेतलं.

रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं तर ती फाइल उघडेना. बाकी सगळं होतं. डीजे होता, जेवणाच्या पंगती होत्या. आजी नव्हती.

आता इथे जरा माझ्या धंद्यातलं बोलतो, कारण हे कळलं की बाकीचा एपिसोड कळेल. एमपी-फोर फाइल म्हणजे एक जाडजूड पुस्तक समजा. कॅमेरा पानं लिहीत जातो, आणि तुम्ही स्टॉप दाबलं की शेवटी अनुक्रमणिका लिहितो: कुठलं चित्र कुठल्या पानावर, आवाज कुठे. ती अनुक्रमणिका लिहिली गेली नाही, म्हणजे बॅटरी पडली किंवा कार्डाने ऐन वेळी लिहायला नकार दिला, तर पानं असतात पण प्लेअरला पुस्तक वाचता येत नाही. अनट्रंकसारखी फुकट टूल्स असतात, त्याच कॅमेऱ्याची चांगली फाइल नमुना म्हणून देऊन ती तुटलेली फाइल जुळवायचा प्रयत्न करतात. मी दोन रात्री बसलो. चाळीस सेकंद मिळाले. आजीचा हात, हळदीची वाटी, आणि आवाजाच्या जागी खरखर.

मग ते फुकटचं कार्ड तपासलं. त्यासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं टूल आहे, कार्ड पूर्ण भरतं आणि परत वाचून बघतं. कार्डावर लिहिलं होतं १२८ जीबी. प्रत्यक्षात त्याच्या पुढच्या भागात लिहिलेलं परत वाचताच येत नव्हतं. आम्ही आधीच्या ऑर्डरींना ते कधी पूर्ण भरलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्याला दोन स्लॉट होते ना? होते. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग करायची सोयही होती. पण दुसऱ्या स्लॉटची एक पिन वाकलेली होती, तिथे कार्ड घातलं की एरर यायची. कॅमेरा घेताना मी पहिल्या स्लॉटमध्ये कार्ड घालून दोन मिनिटं टेस्ट केली, आणि दुसऱ्याचं झाकण उघडलंसुद्धा नव्हतं. भावाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण "दादाने एवढा घेऊन दिलाय" म्हणून बोलला नाही. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

नवरीच्या वडिलांनी भांडण केलं नाही. आम्ही अर्धे पैसे परत केले, त्यांनी घेतले. पण चार महिन्यांनी ते घरी आले आणि विचारलं, "त्यातलं काय सापडलं का रे? आवाज तरी?"

त्यानंतर भावाने ठरवलं: आता सेकंडहँड नाही. यावर्षी त्याने गोदामातली नोकरी सोडली आणि कोटेशन आणलं. सोनीचा एफएक्स-थर्टी, लेन्स, कार्डं, बॅटऱ्या, माईक, सगळं मिळून ३ लाख ४० हजार. चाळीस हजार रोख, तीन लाखांचं कर्ज, जामीन बाबा. व्याज सोळा टक्के, मुदत चोवीस महिने. हप्ता येतो जवळपास १४ हजार ७०० रुपये, आणि व्याजापोटी एकूण बावन्न हजारांच्या वर जातात.

कॅमेरा उत्तम आहे, यात वाद नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेलं मॉडेल, सुपर-३५ सेन्सर, आत पंखा असल्यामुळे लवकर तापून बंद पडत नाही, अंधारात चांगलं चित्र. माझा प्रश्न वेगळा होता. मी त्याला विचारलं, आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, या चार महिन्यांत हप्ता कोण भरणार? चातुर्मासात आपल्याकडे लग्नं नाहीत. भिवंडीत निकाहची कामं त्या काळातही मिळतात, पण रमजान आणि मोहरममध्ये तीही कमी होतात. बँकेला ना चातुर्मास कळतो ना रमजान. चार हप्ते म्हणजे ५८ हजार ८००, तेही बिनकामाच्या महिन्यांत.

तो म्हणाला, "दादा, तुझ्या हिशोबाने माझं नाव गेलं होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा बाबा मध्ये बोलले. आमचे चार माग होते. गेल्या वर्षी काढले, भंगारात वजनावर गेले, हातात आले १ लाख ३० हजार. ते बाबांनी तसेच ठेवलेत. भिवंडीतल्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: या गावाचा अख्खा धंदा जुन्या मशीनवर उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथल्या शेडमध्ये येऊन पुन्हा चालले. १९८२ च्या गिरणी संपानंतर कापडाचं काम इकडे अजून वाढलं. आजही ट्रकमधून जुने माग उतरताना दिसतात. त्यामुळे सेकंडहँड हा शब्द आमच्या घरात शिवी नाही. बाबा म्हणाले, "मी माग घेताना विकणाऱ्याला सांगायचो, बीम लाव आणि चालव. तू चहा पी, मी इथंच बसतो. दोन तास कापड पडू दे. तू तर दोन मिनिटांत परत आलास."

बाबांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. पण माझ्या एक्सेल शीटमध्ये 'दोन तास चालवून बघणे' असा कॉलमच नव्हता.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. भावाला काम कसलं येतंय ते मोजलं. गेल्या सीझनच्या ऑर्डर काढल्या, तर निम्म्याहून जास्त कामं मंडपातल्या एलईडी स्क्रीनवर लाइव्ह दाखवायची होती. एक माणूस मागून स्टेज पकडतो, केबल मिक्सरला जाते, पाच-सहा तास अखंड. त्या कामाला उथळ फोकस आणि सिनेमॅटिक लुक लागत नाही. लांबचा झूम लागतो, आत एनडी फिल्टर लागतो, माईकची मोठी पिन थेट लागते, आणि लेन्स बदलायला कुणाला वेळ नसतो. म्हणजे जुना, कंटाळवाणा, हँडलवाला कॅमकॉर्डर. लग्नवाले मिररलेसकडे गेल्यामुळे हे कॅमकॉर्डर सेकंडहँड बाजारात पडून आहेत आणि किंमत उतरलीय.

आम्ही सोनीचा एनएक्स-हंड्रेड बघायचं ठरवलं. २०१५ च्या सुमाराचं मॉडेल, एक इंची सेन्सर, बारा पट झूम, दोन एसडी स्लॉट. फोर-के नाही, फक्त फुल एचडी. कल्याणला रिक्षाने, तिथून लोकल पकडून सीएसएमटी, आणि समोरच बोरा बाजार. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, फोर्टातली ही गल्ली म्हणजे कॅमेरावाल्यांचं पंढरपूर. बाबाही आले. म्हणाले, मी नुसता बसतो.

काय काय बघितलं ते सांगतो. घाई नाही, हे सावकाश ऐका.

पहिलं म्हणजे तास. बऱ्याच प्रोफेशनल व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या मेन्यूत अवर्स मीटर असतो, कॅमेरा एकूण किती तास चालला ते दाखवतो. काही मॉडेलमध्ये दोन मीटर असतात, एक शून्यावर आणता येतो आणि दुसरा येत नाही, गाडीच्या ट्रिप मीटर आणि मुख्य मीटरसारखं. विकणारा कुठला दाखवतोय ते बघा.

मग सेन्सर. लेन्सवर झाकण लावायचं, गेन किंवा आयएसओ वाढवायचा, मिनिटभर रेकॉर्ड करून मोठ्या स्क्रीनवर बघायचं. काळ्या चित्रात न हलणारे पांढरे-लाल ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. नंतर छिद्र बारीक करून पांढरी भिंत शूट करायची. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण डीजेच्या लेझरने सेन्सर जळतो. थेट लेझर लेन्समध्ये गेला तर एका क्षणात आडवी-उभी रेघ किंवा ठिपका कायमचा बसतो. हळदी मारलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास तपासा. आम्ही त्या दिवशी पाहिलेल्या पहिल्याच पीसमध्ये कोपऱ्यात अशी बारीक गुलाबी रेघ निघाली. दुकानदार म्हणाला, दिसत नाही. बाबा म्हणाले, "आम्हाला दिसली."

लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ठाणे जिल्ह्याच्या पावसात बॅगेत बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती होतेच. थोडी असली तरी घेऊ नका, ती वाढते. पंख्याची जाळी बघा. भिवंडीत वापरलेला कॅमेरा असेल तर जाळीत कापसाचं तूस सापडेल, हा विनोद नाही. एचडीएमआयची केबल लावून हलकेच हलवा. चित्र जातं-येतं असेल तर सॉकेट सैल झालाय, आणि लाइव्हच्या कामात तोच सॉकेट तुमची भाकरी आहे.

झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळू आणि जोरात. प्रत्येक बटण. माईकच्या दोन्ही पिना. आणि दोन्ही स्लॉट, मंडळी, दोन्ही. आपली नवी कार्डं घेऊन जा, एकाच वेळी दोन्हीवर रेकॉर्डिंग लावा, आणि मग बसा. आम्ही एक तास पन्नास मिनिटं बसलो. दुकानदाराने बाबांना दोनदा चहा पाजला.

कागद. मूळ बिल किंवा दुकानाचं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि तो नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबरशी जुळलेला. बिल नाही पण स्वस्त आहे, असं ऐकलं की निघा. तो कॅमेरा कुणाच्या तरी मंडपातून गेलेला असू शकतो. नव्यातही 'इम्पोर्टेड पीस आहे, बिलाशिवाय वीस हजार कमी' असं म्हणतात. त्याला भारतातली वॉरंटी नसते, म्हणजे तुम्ही नव्याच्या किमतीत सेकंडहँडची रिस्क घेताय.

जीएसटीचं एक वाक्य. व्हिडिओ कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तुमची नोंदणी असेल आणि तुम्ही कंपन्यांना बिल देत असाल तर नव्या कॅमेऱ्यावरचा तो अठरा टक्के वळता करून घेता येतो. जुन्या मालाचा व्यापारी बहुतेक वेळा फक्त आपल्या नफ्यावर कर भरतो, तुम्हाला वळतं करायला काही मिळत नाही. त्यामुळे गोदामांच्या कंपन्यांच्या फिल्म करणाऱ्याला नवा कॅमेरा वाटतो तेवढा महाग पडत नाही. घरगुती लग्नं करणाऱ्याला पूर्ण महाग पडतो.

शेवटी तिसऱ्या दुकानात पीस मिळाला. मीटरवर १,३४० तास, बिलासह ८२ हजार. दोन्ही नवी कार्डं, दोन ओरिजिनल बॅटऱ्या, चार्जर, बॅग मिळून सगळं १ लाख १२ हजार. उरलेले अठरा हजार बाबांच्या खिशात परत गेले. जुन्या मिररलेसचा स्लॉट साडेसात हजारांत दुरुस्त करून घेतला, तो आता दुसरा कॅमेरा म्हणून जातो. हप्ता शून्य.

कार्डाचा हिशोब पण ऐका. फोर-के १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी खातं. दोन कार्डांवर एकदम म्हणजे दुप्पट. कार्डं, बॅटऱ्या आणि बॅकअपची हार्ड डिस्क हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत आधीच धरा. तो शेवटी धरला की तिथेच काटकसर होते, जशी मी केली. बॉडी कुणाचीही वापरलेली चालेल. कार्ड आणि बॅटरी कुणी फुकट दिली तर घ्या, आणि घरी येऊन कचऱ्यात टाका.

आता दुसरी बाजू, नाहीतर भाऊ हा एपिसोड ऐकून भांडेल. तो पूर्ण खूश नाही. या सीझनला दोन ऑर्डर गेल्या, कारण समोरच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "फोर-के आहे का?" रीलवाल्या नवरा-नवरीला एनएक्स-हंड्रेडचं चित्र दाखवून ऑर्डर मिळत नाही. तशी ऑर्डर आली की तो नवा कॅमेरा दिवसाच्या अडीच हजार भाड्याने आणतो. आमचं ठरलंय: भाड्याने आणायचे दिवस वर्षाला चाळीसच्या पुढे गेले की नवा घ्यायचा, तेव्हा मी अडवणार नाही. कारण तेव्हा लाखभर भाडं असंच जात असेल आणि हप्ता भरणारी कामं हातात असतील. टेपवाला जुना कॅमेरा मात्र पाच हजारांत मिळाला तरी शूटिंगला घेऊ नका. घरी लग्नाच्या मिनी-डीव्ही कॅसेट पडल्या असतील तर त्या कॉम्प्युटरवर उतरवायला तेवढा उपयोगी.

एक आठवलं म्हणून सांगतो. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, नवा, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. म्हणजे माझा भाऊ एकटा नाही. पण 'राजा हरिश्चंद्र' करायच्या आधी त्यांनी त्या कॅमेऱ्याने कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली आणि ती दाखवून पैसे लावणारा माणूस मिळवला. इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना सोबत घेऊन १९१८ पर्यंत स्वतःच कॅमेरा बनवला. दोघांचं काम झालं. आम्हाला वाटाण्याएवढा धीर नव्हता, पण दोन तास बसलो.

आणि हो, ती आजी. कॅमकॉर्डर आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, आजी, तेवढे धवले परत म्हणा ना, पैसे नकोत. आजी हसली. म्हणाली, "घरान लगीन नाय, तं धवला कसा बोलाचा?"

बरोबर आहे. तिच्यासाठी ते गाणं नाही, विधी आहे. पण धाकट्या नातवाचं जमलंय, फेब्रुवारीत हळद आहे. ऑर्डर भावाकडे आहे, ॲडव्हान्स त्याने घेतला नाही. दोन कॅमेरे, चार कार्डं, आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर मी घेऊन बसणार आहे. ऑफिसात रजा टाकलीय.

तुमचे कॅमेऱ्याचे प्रश्न पाठवत राहा, कोटेशनचा फोटो पाठवलात तर अजून बरं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.